पितृपक्षातली सर्व्हिस

कंपनीचं पत्र खंडेरावांनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं, म्हणजे आत देवघरापाशी वाती वळत बसलेल्या मालनबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. वाढीव वॉरंटीत गाडीचा गिअरबॉक्स बदलून मिळणार नव्हता. वर्ष भरल्यावर जी सर्व्हिस करायची, ती पंधरा दिवसांच्या सवलतीतही झाली नाही. सवलत संपल्यावर अकरा दिवसांनी झाली. सबब क्लेम नामंजूर.

"अकरा दिवस म्हणे," खंडेराव म्हणाले. "आता बारावं-तेरावंही उरकून घ्या म्हणावं त्या गिअरबॉक्सचं."

मालनबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. हे अकरा दिवस कुठून आले, ते त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

खंडेरावांनी सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन हजार चारच्या गणेश चतुर्थीला ही आठ सीटची गाडी घरी आणली. इंदिरानगरातली शाळेची मुलं गंगापूर रोडला नेऊन सोडायची, दुपारी परत आणायची. गाडी घेताना शोरूमवाल्यानं पेढा हातावर ठेवला होता. एक वर्षाची मूळ वॉरंटी, वरची दोन वर्षं वाढीव. "काका, तीन वर्षं डोळे मिटून चालवा." खंडेराव आता म्हणत, चालवली उघड्या डोळ्यांनीच, सही तेवढी मिटून केली.

वर्ष-सव्वा वर्ष गाडी गुणी पोरासारखी वागली. यंदाच्या संक्रांतीनंतर मात्र दुसरा गिअर निसटायला लागला. अंबडच्या वर्कशॉपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा म्हणाले, क्लच सेट केलाय, न्या. दुसऱ्यांदा म्हणाले, ऑइल बदललंय, आता बघाच. तिसऱ्यांदा गाडी ठेवून घेतली, पुण्याहून इंजिनिअर येणार होता. आठ दिवसांनी खंडेराव गेले तेव्हा इंजिनिअर आलेला नव्हता, पण मागच्या सीटवर कुणाचा तरी जेवणाचा डबा होता, त्यात शिळी मेथीची भाजी. चौथ्यांदा गिअरबॉक्स उघडला. यादव नावाचा जुना मेकॅनिक खंडेरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, दात पार गेलेत. तुमच्या चालवण्यानं असं नाय होत. मालच हलका हाय. पन मी बोललो असं सांगू नका."

म्हणजे चूक कंपनीची होती, हे कंपनीचाच माणूस सांगत होता. तरी गाडी वर्कशॉपच्या अंगणात धूळ खात उभी राहिली. चौदातली सहा मुलं दुसऱ्या गाडीत जायला लागली. उरलेल्यांच्या आया रोज संध्याकाळी फोन करून विचारत, काका, उद्या येणार ना. खंडेराव "उद्याचं नक्की नाही" म्हणत आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडेच बघत बसत.

आता त्या अकरा दिवसांचं. इंग्रजी तारखेनं गाडीचं वर्ष भरलं ते गेल्या भाद्रपदात, नेमकं पौर्णिमेला. पितृपक्ष लागला होता. सर्व्हिस म्हणजे नवं ऑइल, नवे फिल्टर, पट्टा. लोकांची लेकरं जिच्यात बसतात, त्या गाडीत पितृपक्षात नवी वस्तू घालायची, हे मालनबाईंच्या मनाला पटेना. त्यांनी एकदा तसं हळूच म्हणून पाहिलं होतं. खंडेराव हसले होते. "पितर काय गाडीखाली झोपलेत का गं?" मालनबाई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. आवाज चढवणं त्यांना जमत नसे आणि आवडतही नसे.

चातुर्मासात त्यांचं मौनाचं जेवण असायचं. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द नाही. बावीस वर्षं मोडलं नव्हतं. त्या रात्री पानावर खंडेरावांनी विचारलं, "सकाळी सांगितलं होतं तो फोन लावलास का वर्कशॉपला? जागा आहे का उद्या-परवा?" फोन मालनबाईंनी लावलाच नव्हता. त्यांनी डावा हात वर केला, तळवा हलवला, नाही. मग पाची बोटं एकत्र जुळवून दाखवली. "भरलंय होय?" खंडेराव म्हणाले. "बरं, पुढच्या आठवड्यात बघ." पुढच्या आठवड्यातही तोच प्रश्न आला आणि तोच हात वर झाला. मग घट बसले, खंडेरावांनाही दांडियाची तालीम आणि मंडळाची वर्गणी यात दिवस पुरेनासे झाले. दसरा झाल्यावर गाडी सर्व्हिसला गेली.

तोंडानं आपण खोटं बोललो नाही, असं मालनबाईंनी तेव्हा देवापुढे बसून स्वतःला सांगितलं होतं. आणि ते त्यांना पटलंही होतं.

खंडेराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी कंपनीला तक्रार लिहिली. आमच्या घरून दोन वेळा फोन केला, काउंटरवरच्या मुलीनं जागा नाही म्हणून सांगितलं, मग उशीर कुणाचा? तक्रार वरपर्यंत पोचली. वर्कशॉपचे मॅनेजर शेखरसाहेब यांचा फोन आला: शनिवारी काकूंना घेऊन या, त्यांनी एवढं लिहून दिलं की क्लेम पुन्हा वर पाठवतो.

"बघितलंस?" खंडेराव म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी चहा मागून घेतला. "जरा लावून धरलं की सरळ होतात. त्या पोरीला आता घरी बसवतात बघ."

शनिवार चार दिवसांवर होता. पोथीचा रोजचा अध्याय वाचताना मालनबाईंची ओळ चुकू लागली, तीच तीच ओळ पुन्हा येई. माघ महिना होता. आता जेवताना बोलायला मोकळीक होती, आणि रोज रात्री पानावर बसल्या की त्यांना वाटे, आज सांगावं. खंडेराव भात कालवत शनिवारचे बेत सांगत. सोडून गेलेल्या सहांपैकी चौघं तरी परत येतील म्हणत. मालनबाई ताक वाढत.

शनिवारी खंडेराव आधी गाडी बघायला आत गेले. मालनबाई काउंटरपाशी बाकावर बसल्या. काउंटरवरची मुलगी उठून पाण्याचा पेला घेऊन आली. वीस-बावीसची असेल. गळ्यातल्या पट्टीवर नाव होतं, पल्लवी.

"काकू, तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली.

"कुठली गं तू?"

"हरसूलची. इथं मावशीकडे राहते." तिनं आत केबिनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी येईल तो प्रत्येक फोन वहीत लिहिते. तुमचा नाहीये त्यात. तीनदा बघितलं. साहेब म्हणतात, लिहायचा राहिला असेल. मलाही आता वाटायला लागलंय, राहिला असेल. तुम्ही केला होता ना, काकू? किती वाजता केला होता, एवढं सांगा. त्या वेळी मी नसेन जागेवर तर निदान..."

मालनबाईंनी पेला तसाच बाकावर ठेवला. तेवढ्यात आतून हाक आली.

केबिनमध्ये शेखरसाहेबांनी कागद तयारच ठेवला होता. "या काकू, बसा. फार काही नाही. 'मी दोन वेळा फोन केला, जागा नाही म्हणून सांगण्यात आलं.' खाली सही. आमच्याकडून चूक झाली एवढं कागदावर आलं की वरच्यांना नाही म्हणता येत नाही. आठ दिवसांत गिअरबॉक्स."

"आणि त्या मुलीचं?"

"ते आम्ही बघू आमचं. चूक कुणाच्या तरी नावावर टाकावी लागते, काकू."

"तू सही कर गं," खंडेराव म्हणाले. "त्यांचं ते बघतील."

पेन पुढे आलं. मालनबाईंनी ते हातात घेतलं नाही.

"मी फोन केला नव्हता," त्या म्हणाल्या.

खंडेरावांना वाटलं, ही घाबरली. "अगं, चार महिने झाले, विसरली असशील. दोनदा केलास. तूच नाही का मला सांगितलंस, जेवताना?"

"सांगितलं नाही. हात केला होता मी."

हे बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. इथंही पुन्हा तीच पळवाट. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "नाही. सांगितलंच. हातानं सांगितलं म्हणजे सांगितलंच. पितृपक्षात गाडी द्यायची नव्हती मला. तुम्ही पुन्हा हसला असतात. म्हणून फोन न लावताच भरलंय म्हटलं. दोन्ही वेळा."

शेखरसाहेबांनी कागद आपल्याकडे ओढला, दुमडला आणि खणात टाकला. त्यांचा चेहरा उजळलेला लपत नव्हता. "मग प्रश्नच मिटला, काका. आम्ही तरी काय करणार? पुस्तिकेत सगळं लिहिलेलं आहे. पान अकरा."

"मालच हलका आहे तुमचा," खंडेराव म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. यादवचं नाव त्यांनी घेतलं नाही.

बाहेर पल्लवी दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मालनबाईंना वाटलं, ती काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "नोकरी जातेय, हे चार दिवस घरी सांगितलं नाही मी कुणाला. मावशी विचारत होती, जेवत का नाहीस." आणि वही बंद करून आत गेली.

अंबडच्या स्टॉपवर ऊन होतं. कारखान्याची पाळी सुटायला वेळ होता, त्यामुळे दोघांशिवाय कुणी नव्हतं. खंडेराव रस्त्याकडे बघत उभे होते. ते ओरडले असते तर बरं, असं मालनबाईंना वाटत होतं.

"तुझं मौन असायचं," शेवटी ते म्हणाले, "तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो. पोरांनाही दटावायचो, आई जेवतेय, तिला बोलायला लावू नका."

"हो."

"बावीस वर्षं."

मालनबाईंनी पदर सावरला. 

"आणखी काय काय सांगितलंस हातानं?"

काही नाही, असं म्हणणं सोपं होतं. तोंडाशी आलंही. पण आठवू नये ते आठवत होतं, एक नव्हे, दोन. नणंदेचा फोन आलेला, एका वर्षी, कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री. आणि लेकीच्या, हर्षालीच्या, कॉलेजच्या फॉर्मचं. आज हे सांगणं गाडीच्या गोष्टीहून वाईट होतं, हे त्यांना समजत होतं.

"आणखी दोनदा सांगितलंय," त्या म्हणाल्या.

बस आली. कंडक्टरनं दारातून वाकून दोघांकडे पाहिलं, थांबला, मग घंटी मारली. खंडेराव हलले नाहीत. बस गेली.

"सांग," ते म्हणाले. त्यांची नजर अजून रस्त्यावरच होती.

"तुमच्या ताईंचा फोन आला होता," मालनबाईंनी सुरुवात केली, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्यानं म्हणाल्या.