डबीने घातलेला कोट

मावशीचं दुकान वाचलं आणि तिसऱ्या मजल्याचं एसीचं बिल निम्म्यावर आलं. आता हे विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. मावशीच्या हातात नोटीस आहे, बिल छताला टेकलंय, आणि शेजारचा दाताचा डॉक्टर पेशंटला आधी कांबळं पांघरतो, मग तोंड उघडायला सांगतो. सगळेच दात वाजत असतील तर दुखणारा कुठला ते कळत नाही, ही त्याची तक्रार.

मी एसी मेकॅनिक. मजल्यावर तीन गाळे: डॉक्टर, वकीलबाई आणि मावशीचं शिवणाचं दुकान. तिघांत एक एसी, बिलाचे तीन वाटे. मावशी माझी सख्खी मावशी, पण अख्खी इमारत तिला मावशीच म्हणते, त्यामुळे आमचं नातं कोणाच्या लक्षात आलं नाही. इमारतीच्या मॅनेजरच्याही नाही. म्हणून तर त्याने मलाच बोलावलं.

"तिच्याकडे सहा मशिनं, वर इस्त्री. सगळी उष्णता तिचीच. तसा अहवाल लिही. पुढच्या शनिवारी मी सही करतो, महिनाअखेर गाळा रिकामा."

"आधी तपासतो."

"तपास की. लिहायचं काय ते सांगितलंय."

मावशीने त्या गाळ्यात एकोणीस वर्षं काढली होती. नोटीस तिने मापांच्या वहीत ठेवली होती आणि मागच्या बाजूला कोणाच्या तरी बाहीचं माप लिहिलं होतं.

"कोरा होता कागद," ती म्हणाली. "तू काय, मला हाकलायला आलास?"

"अधिकृतपणे, हो."

"मग चहा अधिकृत घेणार की घरचा?"

घरचा घेतला आणि कामाला लागलो. एसीचा गॅस बरोबर, जाळ्या स्वच्छ, पंखे ठणठणीत. मशीन गुणी पोरासारखं सांगितलं तेवढंच करत होतं. प्रश्न एवढाच, त्याला सांगत कोण होतं. अशा एसीची भिंतीवर एक डबी असते, साबणाच्या वडीएवढी. खोली किती तापली ते बघून ती मशीनला कळवते. डॉक्टरकडे डबी नव्हती. वकीलबाईंकडेही नव्हती, पण टेबलाखाली हीटर चालू होता.

"तो माझा नाही," त्या मी न विचारताच म्हणाल्या. "अशिलाचा आहे."

उरली मावशी. "तुझ्या भिंतीवर एक डबी असेल बघ."

"डबी नाही बाबा. ती खुंटी आहे."

खुंटीवर लोकरीचा कोट होता. मी तो बाजूला केला. आत डबी. आकडा एक्केचाळीस.

"दोन वर्षांपूर्वी नवा एसी आला ना," मावशी म्हणाली, "तेव्हा एक भला माणूस येऊन न सांगता खुंटी ठोकून गेला. मी त्याला चहा पाजला."

इस्त्री केलेला कोट गरमागरम घडी घालायचा नसतो. टांगून निववायचा, तरच खांदा बसतो. यात मावशीचं काही चुकलेलं नाही. पण डबी बिचारी दोन वर्षं लोकरीत गुंडाळून घेऊन मशीनला कळवत होती, की वर आग लागली आहे. मशीन जिवाच्या आकांताने गारवा पाठवायचं. मजला गारठायचा आणि मावशीकडे येऊन कोट शिवायला टाकायचा. नवा कोट, नवी इस्त्री, पुन्हा खुंटी.

मावशी स्टुलावर बसली. "म्हणजे मीच. हे लिहिलंस तर जाईन ना मी?"

"नाही लिहिलं तरी जाशील."

तिने कोट मांडीवर घेतला. "डॉक्टरांचा आहे. चौथा. आता पाचवा काही यायचा नाही." मग ती उठली आणि तिने पार पलीकडे, खिडकीशी दोरी बांधली. "पडदे शिवीन. तू मोजत बस."

मी आठवडाभर मोजलं. सहाही मशिनं चालू, इस्त्री चालू. रोजचं मीटर निम्म्यावर. डॉक्टरने कांबळं धुवायला टाकलं. वकीलबाईंचा हीटर अशिलाने परत नेला.

शनिवारी दुपारी सगळे मावशीच्या दुकानात जमले. मी अहवाल वाचला: उष्णता मावशीची नव्हती, डबीची गैरसमजूत झाली होती.

मॅनेजर भिंतीला जाऊन भिडला. "एका कोटाने एवढं होतं? मला शिकवतोस? मी बावीस वर्षं इमारती चालवतोय." छाती डबीला टेकली होती, तोंड त्याहून जवळ. तो बोलत राहिला. पंचवीसचे सव्वीस झाले, सव्वीसचे सत्तावीस. डोक्यावरच्या एसीच्या झरोक्यातून गार वारा सुटला.

सगळ्यांनी आधी वर पाहिलं, मग मॅनेजरकडे.

"दोन पावलं मागे व्हा हो," वकीलबाई म्हणाल्या.

तो झाला. थोड्या वेळाने आकडा पंचवीसवर आला, वारा थांबला. डॉक्टरने टाळी वाजवली. ती एकच, पण मनापासून. मॅनेजरने सही केली, ती नोटीस रद्द झाल्याच्या कागदावर. मावशीने त्याला पेढा नाही दिला, पण सुटलेलं बटण लावून दिलं.

सोमवारी भिंतीवर नवा नियम लागला: 'डबीपासून दोन हातांच्या आत कोणतीही गरम वस्तू ठेवू नये. हुकमावरून, व्यवस्थापक.' मावशीने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मला पत्र लिहायला बसवलं. डॉक्टर आणि वकीलबाईंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

'मा. व्यवस्थापक यांस, सदर नियमाचे आम्ही तंतोतंत पालन करीत आहोत. तथापि शनिवारी झालेल्या प्रत्यक्ष तपासणीचा निष्कर्ष विचारात घेता, नियमातील गरम वस्तूंच्या यादीत आपला समावेश करून तसे आम्हांस लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'