उसवलेली टोपी

कात्रीचा कट्‌ असा आवाज झाला आणि तेवढ्यानेही थॉमसिन दचकली. बाहेर गल्ली चिडीचूप होती.

इंग्लंडात राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटने बिशपांची सद्दी संपवली होती. मोठ्या चर्चमधल्या, बिशपांची कुलचिन्हं कोरलेल्या दगडी ढाली शिपायांनी घणाने फोडल्या, आणि आता ते घरोघर शोधत फिरत होते. शेजारच्या मार्जरीकडे बिशपचं चिन्ह सापडलं, तर तिला लेकरांदेखत ओढून नेलं. थॉमसिनच्या मांडीवरचं कापड बिशपच्या आसनाचं. तिच्या आईने भरलेलं. जाळावं तर लोकरीचा वास गल्लीभर.

त्यावर भरलेल्या ढालीचे भाग दोन. एकात धर्मप्रांताचे बगळे, दुसऱ्यात बिशपच्या घराण्याची गव्हाची पेंढी. नवरा-बायकोच्या ढालीही अशाच जोडतात. बिशपचं लग्न प्रांताशीच लागलेलं असतं ना. ढालीवरची बिशपची टोकदार टोपी तेवढी उसवली, की झाली कुणाच्याही लग्नातली ढाल.

शेवटचा रुपेरी दोरा तिने चोळीत कोंबला आणि कापड उजेडात धरलं. बाकी कापड उन्हाने विटलेलं, टोपीखालचं मात्र गर्द निळं. टोपी गेली, तिची सावली उरली.

दारावर थाप पडली. तिने कापड बाकावर पसरलं आणि तान्ह्या राल्फला नेमकं त्या खुणेवर निजवलं.

सार्जंट आत आला. "हे काय गं बाई?"

"मालकिणीच्या लग्नातलं, साहेब. बगळे नवऱ्याचे, पेंढी माहेरची."

"आणि त्यावर पोर निजवतेस? हाडं मोडेल ती तुझी."

"ती कुठे बघायला येतेय."

"उचल त्याला."

मार्जरीची पोरं अजून उंबऱ्यात बसून होती. थॉमसिनने राल्फला उचललं.

राल्फने आपलं काम केलं होतं. वरचं सगळं कापड चिंब, काळंनिळं. खूण कुठली न् ओल कुठली, कळेना.

सार्जंट नाक मुरडून मागे सरला. "माझ्या घरीही असाच एक राजा आहे. राजा म्हणू नये म्हणा हल्ली." दारातून वळून म्हणाला, "माळा बघायचा राहिलाय. उद्या परत येतो."

पावलं लांब गेली. पाच वर्षांची ॲनिस कोपऱ्यातून आली, ओल्या कापडावर बोट टेकवून बघत राहिली.

"आई, हे वाळलं की टोपी परत दिसेल?"