भिंगरीचं डोहाळजेवण

मी एक म्हातारी फेरेट आहे. मित्रांनो, माझ्या जातीला मराठीत नाव नाही. त्यामुळे व्हिजिट व्हिसावर येणारे पाहुणे मला बघून सरळ "अगंबाई, मुंगूस!" म्हणतात आणि पाय वर घेऊन बसतात. मुंगूस मी नाही. लांबुडकी, लवचीक, तोंडावर काळा पट्टा असलेली आणि जन्मजात चोर, अशी मी आहे. एका जागी बसून गोष्ट सांगेन, अशी आशा मात्र धरू नका. माझ्या पायाला भिंगरी आहे, म्हणून माझं नावच भिंगरी पडलं.

जन्म कुठे झाला ते धड आठवत नाही. भावंडांची ऊब आठवते, मग विमानाच्या पोटातला थरथराट, आणि मग शारजातल्या एका दुकानातली काच. त्या काचेला बाहेरून नाक लावून एक मुलगी उभी होती. तिचं नाव ईशानी. मी आतून नाक लावलं आणि आमचं जमलं. तिचे बाबा खरं तर माशांचं खाणं घ्यायला आले होते. ते मला घेऊन घरी, अल मनखूल भागातल्या फ्लॅटवर आले आणि दारातच आईने नाकाला पदर लावला.

"अहो, हा वास घरात? खलास! मी नाही ठेवून घेणार."

ईशानीची आई म्हणून मीही तिला आईच म्हणते. आठवडा गेला नाही तोच मी तिच्या ओढणीत झोपू लागले. बाबांचे मोजे, टीव्हीचा रिमोट, आईच्या केसांचे चाप, जे सापडेल ते मी फ्रीजमागे नेऊन ठेवायचे. बाबा एका पायात मोजा घालून घरभर मला शोधायचे. आई वरवर ओरडायची, पण शेजारच्या गिरिजामावशींना माझे पराक्रम तीच रंगवून सांगायची. ते दिवस फार चांगले होते.

थांबा, सोफ्याखाली काहीतरी हललं. नाही, काही नाही.

तर, लस टोचायला मला डॉक्टर शहनाझ यांच्याकडे नेलं. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "फीमेल है. पहली बार हीट में आए, उससे पहले ऑपरेशन करवा लीजिए. टालिएगा मत."

आईने मान डोलावली. घरी येताना गाडीत मात्र म्हणाली, "इतकुसा जीव, तिच्या पोटावर सुरी? एकदा आई होऊ दे तिला, मग बघू."

आईला दोष देऊ नका, मित्रांनो. ईशानीच्या आधी फार वर्षं तिची कूस रिकामी होती. घरी आलेली प्रत्येक बाई तिला एकच प्रश्न विचारायची. जे आपल्याला इतकं उशिरा मिळालं ते हिच्यापासून आपणच कसं हिरावून घ्यायचं, असं तिला मनापासून वाटत होतं. ती चुकली, पण मायेने चुकली. माया आंधळी असते म्हणतात, ते मी माझ्या अंगावर भोगलं आहे.

थंडी सरली आणि मी माजावर आले. तो काळ मला आजही नकोसा वाटतो. आतून कुणीतरी सारखं हाका मारत होतं आणि कुठे जायचं ते कळत नव्हतं. मी पिंजऱ्याच्या गजांवर नखं घासायचे, गालिचा उकरायचे, या खोलीतून त्या खोलीत धावायचे. शेपटीखाली मोठी सूज आली. घरातले दिवे उशिरापर्यंत जळायचे, आणि आम्हाला तर उजेडावरून ऋतू कळतो. माझ्या अंगाला वाटायचं, दिवस मावळायचा विसरलाच आहे.

"स्थळ बघायला हवं," आई म्हणाली.

स्थळ बाबांनी आणलं. अल क्वोजमध्ये जहूरभाईंचा सोफे दुरुस्त करायचा वर्कशॉप होता. बाबांच्या ऑफिसच्या खुर्च्या तिथेच जायच्या. त्यांच्या केबिनमध्ये सुलतान नावाचा एक धष्टपुष्ट नर फेरेट राहत असे. देश सोडून जाणाऱ्या कुणा मॅडमने तो त्यांना दिला होता.

मित्रांनो, आपल्याकडे स्थळ बघताना काय काय विचारतात! गोत्र विचारतात, पगार विचारतात, चष्म्याचा नंबरसुद्धा काढून घेतात. सुलतानबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. दिसायला राजबिंडा होता, सगळ्यांना तेवढ्यात भागलं. मला एक दिवस त्याच्याकडे सोडलं. त्याने मला हुंगलं, माझ्या वाटणीचं मटण खाल्लं आणि फोमच्या ढिगात शिरून ढाराढूर झोपला. संध्याकाळी बाबा मला घेऊन आले आणि आईने दारात माझी दृष्ट काढली.

मग पिल्लांची वाटणी सुरू झाली. एक चौथ्या मजल्यावर, एक गिरिजामावशींना, दोन ईशानीच्या मैत्रिणींना. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. मे महिना जवळ आला तशी एकेका घराची इंडियाची तिकिटं आली. "दोन महिने आम्ही इथे नाही हो, पिल्लाला कोण बघणार?" असं म्हणत एकेक जण मागे सरला. बाहेर ऊन आग ओकत होतं. बंद फ्लॅटमध्ये, बंद एसीत आमच्यासारखा जीव एक दिवससुद्धा टिकत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि माझी सूज काही उतरेना. मला खावंसं वाटेना. शेपटीचे केस गळू लागले. धावायची ओढ तशीच होती, पण अंगात त्राण नव्हतं. पायाची भिंगरी थांबली आणि मनाची चालूच राहिली. त्याहून वाईट काही नसतं.

ईशानीच्या लक्षात आलं. "आई, शी डझन्ट प्ले एनीमोर. कॅन वी प्लीज कॉल द व्हेट?"

"अगं बाळा, पोटुशी बाई उड्या मारते का? डोहाळे लागलेत तिला."

गिरिजामावशी म्हणाल्या, "मलूल दिसते गं, अनुराधा."

"पहिलटकरीण आहे ना!" आई हसून म्हणाली आणि माझं डोहाळजेवण करायचं ठरवून मोकळी झाली.

एका शुक्रवारी हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर हिरवा खण घातला. पिंजऱ्याला गजरा गुंडाळला. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या, ओवाळणं झालं, फोटो झाले. मग दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा आणि दुसरीखाली बर्फी. ज्या वाटीला मी तोंड लावेन त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरणार होतं.

"जा भिंगरी, उघड!" आई म्हणाली.

मी निघाले. पुढचे पाय गेले, मागचे आलेच नाहीत. खणावरून घसरत मी दोन वाट्यांच्या मधोमध कोसळले.

सगळ्या बाया हसल्या. "लाजली गं लाजली!" कुणीतरी म्हणालं. मी तिथे पडून त्यांचं हसू ऐकत होते, आणि मला कळत होतं की मी मरते आहे. ते सांगायची मला काही सोय नव्हती.

ईशानी हसली नाही. तिने मला उचललं, माझा ओठ वर केला आणि किंचाळली, "आई, लुक! हर गम्स आर व्हाइट!"

माझ्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आईच्या हातातलं तबक तसंच राहिलं. बाबांनी गाडीची किल्ली उचलली, "यल्ला, चला!" आणि सगळे तसेच निघाले. गजऱ्याची फुलं माझ्या अंगाला चिकटलेलीच होती.

डॉक्टर शहनाझ यांनी मला तपासलं. "प्रेग्नंट? नहीं. ये अभी तक हीट में है. मेल मिला होता तो सूजन उतर जाती. उस मेल का ऑपरेशन तो नहीं हुआ था?"

बाबांनी तिथूनच जहूरभाईंना फोन लावला. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "हां साहब, मैडम ने करवाया था. आपने पूछा नहीं, मैं समझा आपको खेलने के लिए दोस्त चाहिए."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फेरेटची मादी माजावर आली की तो माज आपोआप उतरेलच असं नसतं. नर मिळाला नाही, ऑपरेशन झालं नाही, तर ती कित्येक महिने तशीच राहते आणि शरीर नवं रक्त बनवणं थांबवतं. माझं रक्त जवळजवळ संपत आलं होतं.

आई खुर्चीत बसली. "मी तिला आई करायला निघाले," ती म्हणाली, "आणि मीच तिला..." ती हमसून हमसून रडू लागली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचेही डोळे भरले होते.

"रोने का टाइम नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. "खून चाहिए. फेरेट में ग्रुप का झंझट नहीं, कोई भी तगड़ा फेरेट चलेगा. है कोई?"

बाबांनी पुन्हा जहूरभाईंना फोन लावला. अख्ख्या ओळखीत दुसरा फेरेट एकच होता.

जहूरभाई वर्कशॉप तसाच टाकून आले. पिकअपचा एसी पूर्ण सोडलेला, आणि शर्टाच्या आत छातीशी धरलेला सुलतान. "ले लीजिए डॉक्टर साहब, जितना चाहिए," ते म्हणाले. मी शेजारच्या टेबलावर पडले होते. सुलतानने एकदा माझ्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली आणि औषधाच्या गुंगीत झोपी गेला. त्याचं रक्त थेंबाथेंबाने माझ्यात आलं.

मी वाचले. माज उतरवायचं इंजेक्शन दिलं, आणि अंगात जीव आल्यावर ते राहिलेलं ऑपरेशन झालं. आतल्या हाका थांबल्या. पायाला पुन्हा भिंगरी लागली, आणि घरी आल्या आल्या मी पहिला मोजा फ्रीजमागे नेला. बाबा मुद्दाम दुसरा माझ्यासमोर टाकून गेले.

त्या उन्हाळ्यात आई इंडियाला गेली नाही. माझ्याजवळ थांबली. अजूनही बिल्डिंगमध्ये कुणी मांजर आणो, ससा आणो, ती त्यांच्या दारात हजर होते. "ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारलंत? पिल्लं हवी असतील तर जोडीदार तपासून घेतलात? आणि प्रत्येक पिल्लाचं घर ठरलंय, की नुसतं तोंडाने कबूल केलंय?" लोक तिला आगाऊ म्हणतात. म्हणोत बापडे.

सुलतान गेल्या वर्षी म्हातारा होऊन गेला. तो माझ्या पिल्लांचा बाप झाला नाही, पण आज मी जी धावते आहे ती त्याच्यामुळे. तो हिरवा खण आता माझं अंथरूण आहे. विटला आहे, आणि एका कोपऱ्याला अजून गजऱ्याचा डाग आहे. आई तो धुते, पण टाकून देत नाही.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. पण आम्हाला काय होतंय ते आम्हाला सांगता येत नाही. म्हणून वेळ निघून जायच्या आत तुम्ही विचारत जा.