चार बोटं माया

डॉक्टरांनी मास्तरीणबाईंचा गुडघा उघडला, आत काय करायचं ते केलं आणि पुन्हा शिवला. शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्या शिवणीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टाके जरा लांब लांब पडलेत."

अशी ही बाई. पस्तीस वर्षं कोट, पँटी, गणवेश शिवत आलेली. टेलरमास्तर म्हणायची सोय नाही, म्हणून गल्लीने मास्तरीणबाई करून टाकलेलं. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली: एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा. निम्मं गिऱ्हाईक गल्लीतलं, निम्मं टेकडीवरचं. वरची मंडळी खाली उतरत नसत. बाईच गळ्यात टेप टाकून वर जायच्या. आता गुडघ्याने त्या चढाला साफ नकार दिला होता. बस तिकडे वळत नव्हती, आणि दर खेपेला कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं.

लेकाने लगेच निकाल लावून टाकला. "आई, पुरे झालं आता. मशीन देऊन टाकू, ही खोली बंद करू, तू आमच्याकडे ये. खिडकीपाशी तुला आरामखुर्ची टाकतो."

"आरामखुर्चीत मी करू काय?"

"आराम."

"बरं. आणि दुपारी?"

सून तोंडावर हात ठेवून हसली. लेक हसला नाही. तसा तो वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. लोकांच्या घरी कपाटं बसवायचं त्याचं काम. त्याने बसवलेल्या दाराच्या फटीत कागदसुद्धा सरकत नसे. आईची काळजी त्याला मनापासून होती, पण ती काळजीसुद्धा तो काटकोनातच करायचा.

पुढच्या आठवड्यात दुकानात माणसाएवढं खोकं येऊन पडलं.

"हे काय?" लेकाने विचारलं.

"सायकल. विजेवर चालणारी."

"कुठाय सायकल?"

"होईल की! सगळे तुकडे आलेत, जोडायचे तेवढे राहिलेत. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"अगं, कापड वेगळं आणि हे वेगळं! उद्या पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. तू चालायला शिकलास तेव्हा मी तुला आरामखुर्चीत बसवलं होतं का?" बाईंचा आवाज चढला. "ऐक. येत्या गुरुवारी चार वाजता वरच्या शाळेत बँडपथकाच्या चोवीस कोटांची मापं घ्यायची आहेत. मी माझी मी वर गेले, तर मशीनचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही गेले, तर शुक्रवारी टेम्पो घेऊन ये. मी हूं की चूं करणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

पहिला घोळ खोकं उघडल्याउघडल्या झाला, आणि तो बाईंनीच घातलेला होता. मागणी नोंदवताना पायाची उंची विचारली होती. बाईंनी टेप लावला, आकडा आला, आणि हाताच्या सवयीने त्यांनी त्यात दोन इंच मिळवले. शिंपी मापाबरहुकूम कधी कापत नाही. थोडं जास्तीचं आत सोडतो. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. उद्या माणूस सुटला, मूल वाढलं, तर शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. पण लोखंड कुठून उसवणार? सांगाडा एक माप मोठा आला. पुढे सगळं तात्पुरतं जोडून सीट पार तळाला बसवली, तरी बाईंचे पाय जमिनीपासून दोन बोटं वरच.

"सायकललासुद्धा माया!" लेक पोट धरून हसला. "आई, आता तूच वाढ."

बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सीटचं कव्हर उसवलं, आतला फुगीर स्पंज काढून पातळ घातला आणि जाड दोऱ्याने पुन्हा शिवून घेतलं. पाय टेकले. शेजारचा घड्याळवाला दारातून बघत होता. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, हे तर आल्टर केलंत."

"मग? त्याचंच खाते मी."

पुढचे चार दिवस कापायच्या टेबलावर कापडाऐवजी पाने, नटबोल्ट आणि ग्रीसचा डबा होता. मोटर मागच्या चाकाच्या मधोमध बसलेली. ते चाक एकटीने उचलताना बाईंनी मोटरच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. डावं पेडल काही केल्या बसेना. अर्धा तास झटापट झाल्यावर पुस्तिकेतलं चित्र नीट पाहिलं, तर त्याचे आटे उलटे. "सरळ सांगायला काय झालं होतं?" असं त्या पुस्तिकेलाच म्हणाल्या. बॅटरी सांगाड्याच्या पोटाला लागली. हँडलवरच्या बटणापासून बॅटरीकडे जाणारी वायर मात्र त्यांनी हँडलपाशी चांगली चार बोटं सैल सोडली. ती तशी लोंबतच होती.

बुधवारी लेक आला. बाई आतल्या खोलीत गुडघ्याचे व्यायाम करत होत्या. बाहेर येऊन बघतात तर काय, लेक सायकलपाशी उकिडवा बसलेला. लोंबणारी वायर त्याने ओढून सांगाड्याला सपाट लावली होती आणि तीन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळली होती.

"ते लोंबतं बघवेना गं," तो खाली बघत म्हणाला.

बाईंना भरून आलं. इतक्या दिवसांत त्याने प्रथमच सायकलीला हात लावला होता. त्या भरात त्यांनी काही तपासलं नाही. गल्लीत सरळ एक फेरी मारली, सायकल लोण्यासारखी चालली, आणि त्या खूश होऊन झोपल्या.

गुरुवारी साडेतीनला निघाल्या. घड्याळवाला दुकानाबाहेर उभा. सुनेने पिशवी मागे बांधून दिली आणि हळूच म्हणाली, "आई, मागे बघूच नका." लेक चढाच्या पायथ्याशी उभा होता, म्हणे सहजच आलो.

चढ सुरू झाला. मोटर गुणगुणायला लागली आणि बाईंच्या पायाखालचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं. गुडघा गप्प! तीन महिन्यांत पहिल्यांदा गप्प! बाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या, "बघ मेल्या, बघ!" ते लेकाला होतं की गुडघ्याला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

मधोमध रस्ता एकदम उजवीकडे वळतो. बाईंनी हँडल वळवलं, आणि मोटर बंद पडली.

सायकल मागे यायला लागली. बाईंनी ब्रेक दाबले, पाय टेकला. दोन बोटांसाठी सीट उसवली होती म्हणून टेकला, नाहीतर आडव्याच झाल्या असत्या. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोरच्या गच्चीतून दोघं-तिघं वाकून बघायला लागली. पावणेचार झाले होते. बाईंच्या डोळ्यांपुढे टेम्पो आला, टेम्पोत मशीन, आणि खिडकीपाशी ती मेली आरामखुर्ची.

लेक धापा टाकत वर आला. "जाऊ दे आई. प्रयत्न केलास ना? खूप झालं." आणि त्याने हँडल धरलं.

"हात काढ."

"अगं, पण..."

"हात काढ म्हणते ना!"

बाईंनी सायकल भिंतीला टेकवली. हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. उजवीकडे नेलं की वायर ताणून तारेसारखी होत होती. जोडावरची पिन उपटून बाहेर आली होती.

"ही आवळली कुणी?"

लेकाने वाकून आपल्याच पट्ट्या चाचपल्या. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं; एक ठेवून दिली असती आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण प्रेमाने केलं होतं, नीटनेटकं केलं होतं, त्याला काय करायचं?

"ती माया होती रे," बाई म्हणाल्या. "चुकून राहिलेली नव्हती, मी ठेवली होती. तुझं कपाट जागचं हलत नाही, म्हणून तुझं आवळलेलं चालतं. हे वळतं. जे वळतं त्याला आवळून कसं चालेल? आणि मी काय कपाट आहे का, भिंतीला ठोकून ठेवायला?"

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून कात्री काढली. कच्, कच्, तिन्ही पट्ट्या तुटून रस्त्यावर पडल्या. वायर चार बोटं वर ओढली, पिन बसवली, हँडल दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून पाहिलं. बटणाचा दिवा लागला.

"धरू का मागून?" लेकाने विचारलं.

"नको."

आणि बाई गेल्या. वळणावरून गेल्या, गच्चीतल्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या, मागे बघितलंच नाही.

लेक चालत शाळेत पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. व्हरांड्यात चोवीस जण रांगेत उभे, आणि मास्तरीणबाई ढोलवाल्याच्या छातीला टेप लावत होत्या. तो दाराशीच घुटमळला. मग म्हणाला, "आई, किती सोडायची असते?"

"काय?"

"माया."

"चार बोटं. वळताना ताण पडू नये इतकी." बाईंनी मान वर केली नाही. काखेतली वही त्याच्यापुढे धरली. "आणि आलाच आहेस तर नुसता उभा राहू नकोस. लिही, छाती छत्तीस. नीट लिही, कोट मला शिवायचेत."

लेकाने कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं, छाती छत्तीस.