कुंकवाचा गंज

"आई, हा उघडतच नाय. पार चिकटलाय," म्हणत तेजसनं वस्तरा काशीच्या हातात दिला.

काशीनं पदरानं मूठ धरली आणि नखानं पातं ओढलं. कर्रकन आवाज करत ते सुटलं. पात्यावर खपल्या धरल्या होत्या. वर हळदकुंकू, खाली गंज.

खाटेवर तिचा नवरा पंढरी पडला होता. झटक्यानं उजवी बाजू आणि वाचा नेल्यापासून काय बोलायचं ते डोळ्यांनीच बोलायचा. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून कालच त्याला घरी आणलं होतं. आल्या आल्या त्यानं डाव्या हातानं गाल चोळला आणि कपाटाकडे बोट केलं. काशीला सांगायला नको होतं. तो गावचा न्हावी; तळवलीत कोणीही वारलं, की अंघोळ घालण्याआधी त्याची दाढी करायला पंढरीलाच बोलावणं यायचं. धडधाकट होता तेव्हा जेवता जेवता म्हणायचा, "माज्या वेळंला बापाचा वस्तरा काढा. त्या ब्लेडच्या तुकड्यानं मना खरवडू नका." काशी करवादायची, "घास तोंडात हाय नि काय अभद्र बोलता!" आता ते उडवून लावायची सोय राहिली नव्हती.

वस्तरा सासऱ्याचा. त्याला हात लावायची घरात कोणाची बिशाद नव्हती. दसऱ्याला तेवढा तो पाटावर यायचा, काशी त्याला हळदकुंकू वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पंढरी तो पुसून, खोबरेल लावून ठेवायचा. ते पुसणं तिनं कधी बघितलंच नव्हतं. यंदा दसऱ्याआधीच तो अंथरुणाला खिळला, म्हणून पूजा तिनं एकटीनं केली. चांगलं ओलं कुंकू लावलं. ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. नवरा असा पडलेला असताना कुंकवावर फडका फिरवायचा? कोणती बाई फिरवेल? पातं तसंच मिटून तिनं वस्तरा धोकटीत, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, घातला आणि वर नमस्कार केला.

"टेन्शन नको घेऊ," तेजस म्हणाला. खारघरला त्याचं एसी सलून होतं. "नवीन आणतो. ब्लेड टाकला की काम झालं."

"नको. मीच नासवलाय, मीच नीट करीन."

"तुला येतं का ते?"

"यांना येतं ना."

खाटेशेजारी बसकण मारून तिनं तेल लावलं, फडक्यानं गंज उतरवला. मग धार लावायचा दगड भिजवून त्यावर पातं घासायला घेतलं. पंढरीनं डावा हात खाटेवर आपटला. ती दचकली. पातं उलटं धरलं, तरी हात आपटला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून हलक्या हातानं ढकललं, तेव्हा कुठं त्याचा हात थांबला. संसारात भांडायलासुद्धा दोघं इतका वेळ समोरासमोर बसली नव्हती. नीट बोलता येत होतं तेव्हा कधी शिकवलं नाही मेल्यानं, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं, रडूही आलं.

खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून तिनं पातं वर-खाली फिरवलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं डाव्या अंगठ्याचं नख धारेला अलगद टेकवलं; धार लागली की पातं नखाला धरतं. मान हलवली. नाही.

पुन्हा दगड, पुन्हा पट्टा. पुन्हा नाही.

"आता काय जीव घेता माजा?" काशी ओरडली. "चुकले म्हनते ना! काय म्हायती मना, कुंकवानं लोखंड खाल्लं जातं ते!"

पंढरीनं तिच्याकडे बघितलं. मग डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली, दे. तिनं दगड त्याच्या छातीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरला. तो डाव्या हातानं पातं ओढू लागला. श्वास आत गेला की दगड वर यायचा, म्हणून तो श्वास सोडतानाच ओढायचा. दहाबारा वेळा ओढलं की धापा टाकायचा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत करत पातं मुठीकडून नखाला धरायला लागलं. टोकाकडचं बोटभर राहिलं होतं. त्यानं तिथं बोट ठेवून दाखवलं आणि डोळे मिटले.

सकाळी काशी चहा घेऊन आली तेव्हा तो गेला होता.

माणसं जमली. तेजसनं बापाच्या तोंडाला फेस लावला, वस्तरा गालापाशी नेला आणि हात मागे घेतला.

"आई, मला नाय जमणार. ट्रिमर फिरवतो ना."

"आवर रे, मानसं खोळंबलीत," पंढरीचा चुलतभाऊ हरेश म्हणाला.

काशी उठली. मुलाच्या हातातला वस्तरा तिनं काढून घेतला.

"वयनी, बाईमानसानं वस्तरा नाय धरायचा. आपल्यात चालत नाय."

"मग तुमी धरा. या पुढं."

हरेश पुढं आला नाही. काशीनं डाव्या अंगठ्यानं गालाची कातडी ताणली. पातं मुठीकडून टेकवून खाली ओढलं. खुंट निघाले. गाल स्वच्छ झाला, मग दुसरा. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. हनुवटीच्या खळगीत पातं आडवं मावेना, म्हणून तिला टोक वापरावं लागलं. ते अडकलं आणि कातडी फाटली.

"लागलं का वो?" तिच्या तोंडून गेलं.

धोकटीतून तुरटीचा खडा काढून तिनं पाण्यात बुडवला आणि चिरलेल्या जागी दाबून धरला. थोड्या वेळानं उचलून बघितला. खडा पांढराच होता, रक्ताचा डागही नव्हता. तेजस हलकेच "आई" म्हणाला. काशीनं खडा पुन्हा भिजवला आणि तिथंच दाबून धरला.