वाळुंजीची पहिली कापणी

"पहिल्या वर्षी वाढेल ते सगळं वीतभर ठेवून कापायचं. जीव तुटला तरी कापायचं. वचन दे."

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हिंडत्याफिरत्या होत्या. वाळुंजीच्या लवचिक काड्यांच्या टोपल्या त्यांनी जन्मभर विणल्या. त्यांच्या खिडकीसमोर आम्ही गोलात चाळीस काड्या खोचल्या, कोंबांचे डोळे वरच्या बाजूला ठेवून. वाढल्या की शेंडे एकमेकांत गुंफायचे, म्हणजे जिवंत मांडव होईल, आणि सासूबाई त्याखाली बसून विणतील, असा बेत. मी वचन दिलं. काड्यांना पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असा नेमही धरला.

काड्या डोक्याच्या वर गेल्या. मधेच सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या.

पानं गळून गेली, कापायची वेळ आली, आणि माझा हात उचलेना. नणंद भेटायला आली होती. बाहेर बघून म्हणाली, "वहिनी, कापू नकोस. आत्ताच गुंफ. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं?"

मलाही तेच वाटत होतं. तिने दोन शेंडे वाकवून सुतळीने बांधलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशी सारखी करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवस झाले, कात्रीचा आवाज नाही."

"जरा गडबडीत होते."

"एवढे नेम पाळतेस आणि खोटं बोलतेस? ती सुतळी लेकीची. तिची गाठ मी इथून ओळखते. शाळेत बुटाची नाडीसुद्धा धड बांधली नाही कधी."

मला हसू आलं. मग कबूल केलं, "आई, तुम्हाला यंदाच मांडवाखाली बसायला मिळावं म्हणून."

"बुंधे करंगळीएवढे, वर एवढा भार. पहिल्या वाऱ्यात मांडव माझ्या अंगावर. दुसरा खुबा मोडायचाय का माझा?" मग आवाज उतरला. "कापलंस की एकेका बुंध्याला चार-पाच कोंब फुटतील. मी नाही बसले तर तू बस. आणि कापलेल्या काड्या इकडे आण. पाय गेलाय, हात आहेत."

मी झाडांना पाणी घातलं, चहा घेतला. कात्रीला तेलाचा थेंब दिला, सुतळी सोडली. आवाज आत जावा म्हणून खिडकी सताड उघडली आणि पहिल्या बुंध्याशी उकिडवी बसून वीत लावली.