डाव्या टाकीतले तीनशे किलो

सकाळी सव्वादहाला कॅप्टन लोव्रे विमान दुरुस्तीच्या हँगरात अक्षरशः धावत शिरला. हा माणूस एरवी जेवायलासुद्धा घाई करायचा नाही, त्यामुळे पंखाखाली बसलेली नेवेंका हातातली बॅटरी तशीच धरून उठली.

"विमान कधी मिळेल?" लोव्रेने धापा टाकत विचारलं.

"बिघाड सापडला की."

"आज हवंय! व्हिएन्नाहून फोन आलाय. उगल्यान बेटावरच्या एका बाईसाठी फुप्फुसं मिळालीत. सहाच्या आत बाई तिथल्या ऑपरेशनच्या टेबलावर पाहिजे. रुग्णवाहिकेचं विमान लिस्बनला गेलंय. अख्ख्या किनाऱ्यावर या घटकेला रिकामं असं हे एकच विमान आहे, आणि ते तुमच्याकडे पडलंय."

विमानाच्या शेपटीजवळ पाने पुसत असलेला फ्राने थांबला. तो बासष्ट वर्षांचा, मूळचा उगल्यानचाच. हँगरातले सगळे त्याला बार्बा म्हणत, म्हणजे काका.

"कोण बाई?"

"रोझारिया म्हणून कुणी. पोस्टात होती म्हणे."

"आमची रोझारिया?" फ्रानेच्या हातातला पाना फरशीवर खणकन पडला. "अहो, तीस वर्षं आमची पत्रं वाटली तिनं! दोन वर्षांपासून नाकात नळी घालून बसलीय बिचारी. नेवेंका, ऐकलंस का?"

नेवेंकाने ऐकलं होतं. या हँगरात विमान उडायला योग्य आहे असं लिहून सही करायचा अधिकार तिचा होता. आणि या विमानाने गेला दीड दिवस तिला नुसतं खेळवलं होतं.

आठ जणांचं ते देखणं जेट. दुखणं एकच: उडता उडता डाव्या टाकीतलं इंधन अचानक तीनशे किलोंनी कमी दिसायचं. विमान जमिनीवर येऊन उभं राहिलं की आकडा आपला पुन्हा जागच्या जागी. याआधी तीन हँगरांनी त्यावर हात साफ करून घेतले होते. एकाने मोजणीचा संगणक बदलला, दुसऱ्याने टाकीतल्या दोन मापनळ्या बदलल्या, तिसऱ्याने टाकीतलं पाणी काढून सगळं धुऊन दिलं. विमान गेलं आणि पहिल्याच फेरीत परत तेच. नेवेंकाने प्रत्येक नळी, प्रत्येक जोड तपासला होता. सगळं ठणठणीत. तिला तेच खुपत होतं. बिघाड समोर असला तर माणूस त्याच्याशी झगडू शकतो, पण इथे तो समोरच येत नव्हता.

फ्राने तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तासाभराचा तर प्रवास. दोन्ही टाक्या काठोकाठ भरू. आकडा गेला खड्ड्यात. तू सही कर."

"आणि बार्बा, आकडा खोटा नसून खरा असला तर? कुठूनतरी खरंच तीनशे किलो जात असले तर?"

"गळती नाही, तूच काल म्हणालीस."

"जमिनीवर नाही म्हणाले. हवेत काय होतं ते मला माहीत नाही. रोझारियाला आल्प्सवर नेऊन तिथे शोधू का?"

लोव्रे नेवेंकाला म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. सही केलीत तरी मी नेणार नाही. पण मला साडेतीनला उडायचंय. सांगा, मी काय करू?"

"बसा इथे," नेवेंकाने औजारांच्या पेटीकडे बोट केलं. "आणि आठवा. हा आकडा कधी पडतो? कागदावर लिहिलंय तसं नको. तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत तसं सांगा."

"उतरायच्या आधी. सात-आठ मिनिटं उरलेली असतात. विमानाचं नाक वर-खाली होतं, इंधन टाकीत सरकतं, म्हणून असेल असं सगळे म्हणाले."

"उड्डाण घेताना कधी?"

"कधीच नाही."

"जमिनीवर उभं असताना?"

"नाही. म्हणजे..." लोव्रेने कपाळ चोळलं. "एकदाच. बारीला. रात्रभर विमान तिथे उभं होतं आणि रात्रभर आकडा तीनशेनी कमीच. इंधन भरणाऱ्याशी माझं भांडण झालं. सकाळी निघालो आणि आपोआप ठीक झालं."

नेवेंका त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बारीला वेगळं काय होतं? गरमी? पाऊस?"

"काही नाही. हां, उतरताना एक सीगल पक्षी आदळला होता. त्या धडकेची तपासणी व्हायची होती म्हणून आम्ही फ्लॅप वर घेतले नव्हते. तसेच खाली ठेवून..."

लोव्रेचं वाक्य पुरं व्हायच्या आत नेवेंका उभी राहिली होती. तिचं डोकं पंखाच्या कडेवर आपटलं, तेही तिला कळलं नाही.

"फ्लॅप!" ती ओरडली. "बार्बा, फ्लॅप! उड्डाण घेताना थोडेसेच खाली असतात, उतरताना पूर्ण! आणि जमिनीवर आलं की लगेच वर घेतात. आपण सगळ्यांनी हे विमान फ्लॅप वर असतानाच तपासलंय!"

पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या त्या रुंद पात्या. विमानाचा वेग कमी करायला त्या खाली झुकतात. टाकीतून निघणाऱ्या तारा त्यांच्या अगदी जवळून जातात.

"वीज लावा विमानाला! पंखाखालून सगळे बाजूला व्हा!" नेवेंकाने फर्मावलं. फ्रानेने बासष्ट वर्षांचे गुडघे विसरून केबल ओढत आणली. ती कॉकपिटमध्ये चढली, लोव्रे तिच्या पाठोपाठ. पडद्यावर दोन हिरवे आकडे उजळले. डावी टाकी सहाशे दहा, उजवी सहाशे वीस.

"पहिला टप्पा," तिने दांडा ओढला. मागे मोटर घरघरली. आकडे तसेच.

"दुसरा."

तसेच.

"आता पूर्ण." तिने दांडा शेवटपर्यंत ओढला. पात्या खाली, आणखी खाली झुकल्या, आणि डावीकडचा आकडा लखकन बदलला. तीनशे सात.

"पडला!" लोव्रे किंचाळला. "पडला की हो!"

"पडला!" नेवेंकाने खिडकीतून खाली ओरडून सांगितलं. बिघाड झाला म्हणून एवढा आनंद त्या हँगरात आजवर कुणाला झाला नव्हता. फ्रानेने टोपी काढून छताकडे भिरकावली.

वीज बंद करून, पात्या हलणार नाहीत अशी सोय करून ती पंखामागे शिरली. छोटा आरसा, बॅटरी आणि डावा हात एवढंच तिथे मावत होतं. तारांच्या जुडग्यावरून ती बोट फिरवत गेली. एका जागी जुडगं धरून ठेवणारी पट्टीच नव्हती. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीसाठी काढली आणि परत लावायची राहून गेली. त्यामुळे पाती पूर्ण खाली गेली की तिचा दांडा जुडग्याला ताणायचा. एका तारेचं वरचं आवरण नवं कोरं दिसत होतं, पण तिने चिमटीत धरून वाकवलं तेव्हा आतून ती मऊ लागली. आतली तांब्याची तार तुटली होती. ताण नसला की दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून शहाण्यासारखी वागत, ताण पडला की सुटत.

"सापडली गं बाई सापडली," ती स्वतःशीच म्हणाली आणि हसायला लागली. हसू काही केल्या थांबेना.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या प्रकारची तार कपाटात होती, पट्टीही होती. आता घाई करायची नाही, असं तिने हातांना बजावलं. जुना तुकडा काढला, नवा बसवला, वरचं जाळीदार आवरण दोन्हीकडे नीट जोडलं. फ्राने एकेक औजार तिच्या तळहातावर ठेवत होता आणि मध्येच आठवण करून देत होता, "दीड वाजला."

"बार्बा, घड्याळ बोलेल. तुम्ही नका बोलू."

"मग काय गाऊ?"

"गाऊ तर मुळीच नका!"

पावणेतीनला बंदरावरून रुग्णवाहिका आली. मागचं दार उघडलं. आत खुर्चीत रोझारिया बसली होती, चिमणीएवढी झालेली, नाकात प्राणवायूची नळी. शेजारी नवरा येरे बॅग छातीशी धरून. रोझारियाने उघड्या पडलेल्या पंखाकडे पाहिलं, मग फ्रानेकडे.

"फ्राने," ती एकेका शब्दाला थांबत म्हणाली, "हे विमान... तू दुरुस्त करतोयस?... मग मी... बोटीनं जाते."

"तुझी जीभ तेवढी ठणठणीत आहे!" फ्रानेने तोंड फिरवून डोळे पुसले. "मी नाही करत. ती बघ, ती करतेय."

नेवेंकाने बाहेर डोकं काढलं. केसांत धूळ, कपाळावर टेंगूळ. "दहा मिनिटं, ताई. एकदा खात्री करून घेते."

तिने पात्या दहा वेळा पूर्ण खाली-वर केल्या. लोव्रे मोठ्याने आकडे वाचत होता. सहाशे दहा, सहाशे दहा, सहाशे दहा. मग इंधनाची गाडी आली, टाक्या भरल्या. फ्रानेने पंखाखालच्या मोजपट्ट्या ओढून स्वतः माप घेतलं आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. मग पात्या पुन्हा पूर्ण खाली. आकडा जागचा हलला नाही. नेवेंकाने पंखाचं झाकण लावलं, प्रत्येक स्क्रू मोजला आणि वहीत सही केली. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

जेट धावपट्टीवर वळलं तेव्हा ती आणि फ्राने कुंपणाशी उभे होते. चाकं सुटली, विमान समुद्रावरून वळलं आणि उत्तरेला दिसेनासं झालं. फ्राने खाली गवतात बसला. "सकाळी मी सही कर म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालात."

"कुणाला सांगू नकोस."

"संपूर्ण बेटाला सांगणार आहे."

पाच वाजता लोव्रेचा फोन आला. मागे विमानतळाचा गोंगाट होता आणि तो त्याच्यावरून ओरडत होता. पात्या पूर्ण खाली गेल्या तेव्हा तो धावपट्टीऐवजी आकड्याकडेच बघत होता म्हणे, आणि आकडा ढिम्म हलला नाही. रोझारिया पंधरा मिनिटांपूर्वी गाडीत बसली होती. ऑपरेशन नऊ तास चाललं. तिसऱ्या आठवड्यात येरेने फ्रानेला फोन लावून रिसीव्हर बायकोच्या हातात दिला, आणि ती एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, त्याला पाऊण मिनिट शिव्या देत राहिली. फ्रानेने तो फोन सगळ्या हँगराला ऐकवला.

नेवेंकाने त्या तारेचं चित्र काढलं, बिघाड कसा दिसतो आणि कसा शोधायचा ते एका पानात लिहिलं आणि ते पान विमान बनवणाऱ्यांना आणि ओळखीच्या सगळ्या हँगरांना पाठवून दिलं. महिन्याने पोर्तुगालमधून दोन ओळींचं उत्तर आलं. तसंच विमान, उजवा पंख, तीच जागा, आतून तुटलेली तीच तार. चार महिने ते डोकं फोडून घेत होते. सोबत फोटो होता, आणि फोटोत पंखाखाली उभे असलेले पाच अनोळखी लोक हात वर करून ओरडत होते.

"बार्बा!" नेवेंकाने हाक मारली. "इकडे या लवकर, हे बघा!"